समीक्षाची जागा

शकूरनं सत्तावीस वर्षं जहाजांवर काढली होती. आता खालापूरच्या बाजारात त्याचं दोर, नळाचे पाईप आणि ताडपत्र्या विकायचं दुकान होतं. गिऱ्हाईक दोराला आलं की त्याला दोराबरोबर गाठ कशी मारायची तेही ऐकून घ्यावं लागे. घरी बायको झोहरा आणि एकुलती एक मुलगी उमैमा. उमैमा नर्स झाली तेव्हा शकूरनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून सगळ्या बाजाराला खीर वाटली होती.

नर्सिंगला उमैमाबरोबर समीक्षा होती. कशेळ्याच्या पुढं दोन मैलांवरच्या गावातली, येसाजीची मुलगी. तीन वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या. मग एका एजन्सीमार्फत दोघींना एकाच ठिकाणी काम मिळालं. ब्रिटनच्या ताब्यातलं, अमेरिकेच्या बाजूचं एक एवढंसं बेट. नाव सेंट ऑल्बा. नकाशात भिंग लावून बघावं लागलं. तिथं म्हाताऱ्या माणसांचं एक दवाखानावजा घर होतं, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

येसाजी तयार नव्हता. त्यानं आयुष्यात समुद्र पाहिला होता तो अलिबागला एकदा, लग्नाच्या वऱ्हाडात गेला तेव्हा. तो शेअर जीपनं कर्जतला आणि तिथनं खालापूरला आला, दुकानात स्टुलावर बसला आणि म्हणाला, "शकूरभाई, तुमी सांगा. पोरीला पाठवू का नको?"

"तिकडं मी तीनदा जाऊन आलोय," शकूर म्हणाला. "बेट छोटं हाय, मानसं बरी हायेत. एकच भ्या असतं, ते वादळाचं. पन वादळ काय चोरासारखं येत नाय. चार दिस आधी सांगून येतं. दोघींना मी सगळं शिकवून पाठवतो. तुमची पोरगी ती माझी पोरगी."

"बस," येसाजी म्हणाला. "तुमी म्हनताय ना, मग माझं काय म्हननं नाय."

आणि शकूरनं खरंच शिकवलं. निघायच्या आधीच्या रविवारी दोघींना ओटीवर बसवून त्यानं दुपारभर धडे दिले. पासपोर्ट मालकाच्या हातात ठेवायचा नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी अंगावर. पोचल्या दिवशी उंच जागा कुठली ते बघून ठेवायचं. वादळ येणार म्हटलं की पाणी भरून घ्यायचं, फोन चार्ज करायचा, खिडकीपासून लांब राहायचं. "आनि एक लक्षात ठेवा गं. वादळाचा डोळा डोक्यावर आला की सगळं गप होतं. ऊनबी पडतं. मानसाला वाटतं, झालं. तेव्हाच बाहेर पडायचं नाय. अर्धं वादळ राहिलेलं असतं, आनि ते पानी घेऊन येतं."

समीक्षानं ते वहीत उतरून घेतलं. उमैमा हसत होती. "अब्बा, तिकडं नोकरीला चाललोय, लढाईला नाय," ती म्हणाली.

दोघी गेल्या. दीड वर्ष सुखाचं गेलं. उमैमा रोज फोन करी. तिकडल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगे, कोण दात हरवतो, कोण रोज तिला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते. समीक्षा गौरी-गणपतीला येणार होती. रजा एका वेळी एकीलाच मिळायची, आणि पहिला नंबर समीक्षाचा होता. तिचा भाऊ राजेश माथेरानला हॉटेलात कामाला होता, त्यानं तेवढ्यासाठी आठ दिवस सुट्टी टाकली होती.

त्याच आठवड्यात वादळ उठलं.

शकूरला ते बातम्यांच्या आधी कळलं. तो अजूनही रोज फोनवर समुद्राचे नकाशे बघायचा. सोमवारी त्यानं पाहिलं, मंगळवारी सकाळी परत पाहिलं. असलं वादळ त्यानं एकदा जहाजावरून दुरून पाहिलं होतं आणि मग तीन दिवसांनी त्याच्या वाटेत आलेलं बंदरही. त्या बंदरात एकाही घरावर छप्पर शिल्लक नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी दुकानातनं त्यानं उमैमाला फोन लावला. तिकडं सकाळ होती.

"तू निघून ये," तो म्हणाला. "आजच्या आज."

"अब्बा, असं कसं येऊ? इथं अठरा म्हातारे आहेत. निम्म्यांना चालता येत नाही. सगळ्या नर्सांनी थांबायचं ठरलंय. समीक्षाची तेवढी रजा आहे, ती उद्याच्या विमानानं सुटतेय. नंतर विमानंच बंद होणार."

"मंग तूबी तिच्यासंगं सुट."

"विमान बारा माणसांचं आहे. जागाच नाहीये. आणि असती तरी मी आले नसते. तुम्हीच शिकवलंय ना सगळं? मग घाबरता कशाला?"

तिनं फोन ठेवला. शकूर दुकानात दोराच्या गुंडाळ्यांमध्ये उभा राहिला. समोर रस्त्यावर भाजीवाल्या टोपल्या आवरत होत्या. ताडपत्री मागायला एक माणूस आला, त्याला त्यानं उद्या ये म्हणून सांगितलं. मग त्यानं परत फोन लावला.

"उमैमा," तो म्हणाला, "मी तुला सांगनार नव्हतो. तुझी अम्मी दवाखान्यात हाय. काल छातीत कळ आली. डॉक्टर म्हनतात, भरवसा नाय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठल्या दवाखान्यात?"

"कर्जतला."

"ईसीजी काढला? मला पाठवा. डॉक्टरांशी बोलायला द्या."

"आता मी दुकानात आलोय कपडे न्यायला. तू ये फक्त. ती तुझंच नाव घेते."

तासाभरानं तिचाच फोन आला. ती रडत होती, पण बोलणं घाईघाईचं होतं. "अब्बा, येतेय मी. समीक्षानं तिची रजा मला दिली. विमानातली जागाही तिचीच, तिनं विमानकंपनीच्या बाईला सांगून नाव बदलून घेतलं. म्हणाली, गणपती पुढच्या वर्षीबी येतात."

इथं शकूरला बोलता आलं असतं. त्या क्षणाबद्दल त्याला नंतर स्वतःशी कधीही खोटं बोलता आलं नाही. समीक्षाची जागा हे शब्द त्यानं नीट ऐकले होते. येसाजी त्याच स्टुलावर बसला होता, तेही त्याला आठवलं होतं. तरी तो म्हणाला, "बरं. लवकर निघ."

घरी त्यानं झोहराला एवढंच सांगितलं की वादळामुळं पोरीला सुट्टी दिलीय. झोहरा हरखली आणि दुसऱ्या दिवशी तिनं पांघरुणं धुवायला काढली.

शुक्रवारी सकाळी तो विमानतळावर गेला. उमैमा बाहेर आली ती कामावरच्या निळ्या कपड्यांतच. दोन विमानं बदलताना तिनं काही खाल्लं नव्हतं. "अम्मी?" तिनं विचारलं.

"बरी हाय आता. घरी आनलंय."

गाडीत तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पनवेलपर्यंत झोपली. शकूरला वाटलं, झालं ते झालं, माझी पोर माझ्या खांद्यावर हाय. घर येईपर्यंत कसं सांगायचं ते सुचेल असं तो मनाशी म्हणत होता. सुचलं नाही.

झोहरा मागच्या दारी मासे साफ करत होती. गाडीचा आवाज ऐकून ती तशीच पुढं आली, खवल्यांनी भरलेले हात दोन्ही बाजूंना धरून. "आली गं माझी बाय," म्हणून हसली.

उमैमा जागच्या जागी थांबली. मग पुढं होऊन तिनं आईचं मनगट धरलं आणि सवयीनं नाडी मोजू लागली. तिच्या बोटांना खवले लागले.

"कधी सोडलं तुला?"

"कुठनं सोडलं?"

"दवाखान्यातनं."

"कसला दवाखाना गं?" झोहरानं नवऱ्याकडं पाहिलं. "काय म्हनते ही?"

शकूर उंबऱ्यात उभा होता. त्याला आत येता येईना. उमैमानं आईचं मनगट सोडलं नाही, फक्त मान वळवून बापाकडं बघितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "किती वाजलेत तिकडं?"

तिनं स्वतःच हिशोब केला. मध्यरात्र उलटून गेली होती. वादळ सकाळी पोचणार होतं. तिनं समीक्षाला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. तिनं काही न बोलता तो स्पीकरवर टाकला आणि बापाच्या हातात दिला.

"उमे, पोचलीस?" समीक्षाचा आवाज आला. मागं वारा होता, कुणी म्हातारी एकसारखी काहीतरी म्हणत होती. "चाची कशी हाय?"

"मी काका बोलतोय," शकूर म्हणाला.

"काका! चाची कशा हायेत?"

उमैमा त्याच्याकडं बघत होती. झोहराही.

"बरी हाय," तो म्हणाला. "आता बरी हाय, बाळा."

"देवाची किरपा. मी काल गनपतीला बोलले होते."

"समीक्षा, ऐक. वरच्या मजल्यावर जा तू."

"तेच चाललंय काका. लिफ्ट बंद केलीय. एकेकाला चादरीत घालून वर नेतोय. अजून अकरा जन खाली हायेत. उमैमा असती तर..." ती थांबली. "नाय, ती तिथंच बरी. मी वहीत लिहिलंय सगळं. डोळा आला की बाहेर पडायचं नाय."

"तूच नीट राहा," शकूर म्हणाला. "तू आधी तुझं बघ."

"हो काका. ठेवते. चाचीला सांगा, आराम करा."

फोन बंद झाला. झोहरा भिंतीला टेकून खाली बसली. उमैमानं फोन घेतला, पडद्याकडं बघत राहिली. "मी पण नाही सांगितलं," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं. पण तिला आता सांगून काय करू, म्हणून नाही सांगितलं." मग ती न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली.

नंतर पाच दिवस त्या बेटावरून फोन लागला नाही. कशेळ्यापुढच्या गावात राजेशनं मखर बांधून ठेवलं होतं. आपली रजा कुणासाठी दिली ते समीक्षानं घरी फोन करून सांगितलं होतं. रोज सकाळी येसाजीचा फोन येई. "काय कळलं का शकूरभाई? तुमाला तिकडलं म्हाईत." शकूर सांगे, वादळानंतर खांब पडतात, आठ-आठ दिवस फोन लागत नाहीत, काळजी करू नका. तो सांगत होता ते खरंही होतं.

सहाव्या दिवशी तिकडल्या मोठ्या नर्सबाईंचा फोन उमैमाला आला. वादळाचा पहिला भाग सगळ्यांनी वरच्या मजल्यावर काढला होता. चारजण तेवढे खाली राहिले होते, त्यांना वर न्यायला वेळच मिळाला नव्हता. मग डोळा आला. ऊन पडलं. समीक्षानं घड्याळ बघितलं, म्हणाली, वीस मिनिटं तरी आहेत, मी त्यांना घेऊन येते. ती दोघांना वर पोचवून तिसऱ्यासाठी उतरली. आणि समुद्र आला. नर्सबाई म्हणाल्या, आम्ही सगळेच दमलो होतो, एक माणूस कमी पडला.

उमैमानं हे सगळं आईबापाला एका दमात सांगितलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं.

समीक्षाला घरी यायला एकोणीस दिवस लागले. गणपती तोवर होऊन गेले होते; येसाजीच्या घरी मूर्ती आलीच नाही. पेटी उघडू नका असा कागद बरोबर होता. शकूरनं खांदा दिला. शेतांत भात पोटरीतून बाहेर पडत होतं आणि बांधावरून चालताना त्याची कणसं सगळ्यांच्या पायांना लागत होती. स्मशानातून परतताना येसाजी त्याच्याजवळ आला. त्याचे डोळे कोरडे होते.

"शकूरभाई, भाबी कशा हायेत आता?"

शकूरला वाटलं, जमीन फाटावी. "बरी हाय," तो म्हणाला.

"जपा त्यांना. माझ्या पोरीनं..." त्यानं शकूरच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर उमैमा म्हणाली, "तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"त्यानं काय होनार आता? पोरगी का परत येनार हाय?"

"तुम्ही सांगणार, की मी?"

झोहरा चुलीपाशी होती. गेले तीन आठवडे तिनं नवऱ्याला ताट वाढलं होतं, पाणी दिलं होतं, पण ती एक शब्दही बोलली नव्हती. आता ती बोलली. "माझं मरन इकून तुमी दुसऱ्याची पोर घेतलीत. जा. सांगून या."

दुसऱ्या दिवशी शकूर गेला. येसाजी घरी नव्हता, शेताच्या वरच्या अंगाला पाण्याचं तोंड बांधत होता. शकूर चिखलातून तिथवर गेला आणि उभ्यानंच बोलला. काही लपवलं नाही. दवाखाना नव्हता, छातीत कळ नव्हती, झोहराला ताप नव्हता की खोकला. समीक्षाची जागा म्हणून उमैमानं फोनवर सांगितलं, ते मी ऐकलं, तरी लवकर निघ म्हणालो. हेही सांगितलं.

येसाजी फावडं घेऊन ऐकत होता. ऐकताना त्यानं चिखलाच्या दोन ढेपा उचलून पाण्याच्या तोंडावर टाकल्या आणि पायानं दाबल्या. पाणी थांबलं. मग तो बांधावर बसला. शकूरला वाटलं, आता हा फावडं उगारेल, आणि त्याला तेच हवं होतं.

"मी तुमच्या दुकानात आलो होतो," येसाजी म्हणाला. "ईचारायला."

"हो."

"माझ्या पोरीलाबी असंच खोटं सांगून बोलावलं असतंत, तर?"

ते शकूरला सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी दुकानातनं एक फोन करून येसाजीला सांगता आलं असतं, की पोरीला म्हणावं रजा कुणाला देऊ नको. एवढंही सुचलं नव्हतं.

खाली घराच्या अंगणात समीक्षाची आई अंबाबाई दिसत होती. भांडी घासून ती एकेक पालथं घालत होती.

"तिला सांगू नका," येसाजी म्हणाला.

"येसाजीभाऊ..."

"आईकून घ्या. आठ दिस तिनं पानीसुदिक नीट घेतलं नाय. मंग एक दिस उठली, म्हनाली, माझ्या पोरीनं एक आई वाचवली. त्या दिसापास्नं ती भाकर खाते. तुमी हे तिला सांगितलंत तर ती मरंल. मंग दोन होतील." तो उठला. "तुमच्या पोरीलाबी सांगा. भाबींनाबी सांगा. त्या आजारी होत्या. असंच राहू द्या. आनि तुमी परत हितं येऊ नका."

शकूरनं हे घरी सांगितलं तेव्हा उमैमाचा विश्वास बसला नाही. तिनं येसाजीला फोन केला. ती नुसतं हो काका, हो काका म्हणत राहिली आणि फोन ठेवून तिथंच बसली.

"मी नाय करनार असलं सोंग," झोहरा म्हणाली. "माझ्या तोंडून खोटं निघनार नाय."

पण तेराव्यानंतर चौथ्या दिवशी अंबाबाई स्वतःच आली. राजेशनं तिला मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि तो बाहेर रस्त्यावरच थांबला. त्याला आत यायचं नव्हतं; त्याला खरं माहीत होतं की काय, ते शकूरला कधी कळलं नाही. अंबाबाईच्या हातात पिशवी होती. नाचणीचं पीठ, दोन दुधी, घरचं तूप. झोहरा विहिरीवरून दोन हंडे भरून नुकतीच दारात आली होती.

"अगं बाई, हे काय!" अंबाबाईनं पिशवी टाकली आणि तिच्या कमरेवरचा हंडा काढून घेतला. "छातीच्या दुखन्यात वजन उचलता व्हय? घरात कुनी बघत नाय तुमाला?"

तिनं झोहराला हाताला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, मग आडवं केलं. पायाशी बसून तिचे तळवे चोळू लागली. झोहरा छताकडं बघत पडून राहिली.

"अजून दुखतं का वो?"

झोहरानं डोळे मिटले. शकूर दारात होता, उमैमा खिडकीपाशी. दोघांनाही वाटलं की आता ही सगळं बोलणार.

"दुखतं," झोहरा म्हणाली. "रोज दुखतं." आणि ती रडायला लागली. अंबाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोघी रडल्या. अंबाबाई मध्येच म्हणत होती, "रडू नका, तुमाला सोसायचं नाय, तुमी जगायला पायजे, माझ्या पोरीसाठी तरी जगायला पायजे."

उमैमा मागच्या दारानं बाहेर गेली. दिवाळीच्या आत ती परत गेली, त्याच बेटावर. शकूरनं नको म्हटलं नाही. त्याला ते म्हणायचा हक्क राहिला नव्हता. म्हाताऱ्यांचं घर आता टेकडीवरच्या शाळेत हलवलं होतं. ती आईला रोज फोन करी. शकूरनं फोन उचलला तर म्हणे, "अम्मीला द्या."

अंबाबाई दर महिन्याला येऊ लागली. तिची यायची वेळ झाली की झोहरा कामं टाकून खाटेवर जाऊन पडे. बाजारातल्या बायकांनाही हळूहळू वाटायला लागलं की झोहराची तब्येत खरंच बरी नाही, आणि तिनं विहिरीवर जाणं सोडलं. पाणी शकूर भरू लागला.

माघात अंबाबाई आली तेव्हा तो हंडा घेऊन दारात शिरत होता. तिनं त्याला थांबवून नीट न्याहाळलं.

"भाऊ, लई वाळलात वो तुमी," ती म्हणाली. "बायकोचं करता करता सोताकडं बघत नाय. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

"हो," शकूर म्हणाला. "दाखवतो." आणि ती आत जाईपर्यंत बाजूला सरून उभा राहिला.